‘पाणी आलं’ आणि ‘अर्धा तास’ यांच्या मधली जागा

भोंगाताईंचा आवाज मोठा होता, आणि तो मोठा आहे हे त्यांना कळत्या वयापासून सगळ्यांचं सांगून झालं होतं. आईने सांगितलं, शाळेतल्या बाईंनी सांगितलं, सासूने तर लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की अगं, भिंतीपलीकडे माणसं राहतात. ‘हळू बोल’ हे दोन शब्द त्यांनी स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकले असतील. त्या बिचाऱ्या हळूच बोलायच्या, म्हणजे स्वतःच्या मते हळू बोलायच्या, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायचं.

भोंगाताई हे नाव पडलं पाण्यामुळे. चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत त्या कपडे ऑल्टर करून द्यायच्या. पॅन्टची लांबी कमी करणं, चेन बदलणं, वाढत्या पोरांच्या गणवेशाची दुमड सोडणं, अशी कामं. शिलाई मशीनच्या मागे मोरी होती आणि गल्लीतला पाइप आधी त्या मोरीत शिरून मग वर जायचा. त्यामुळे पाणी यायचं झालं की सगळ्यात आधी ताईंचा नळ खोकायचा. त्या पाण्याला वेळकाळ नव्हता. कधी सकाळी यायचं, कधी ऐन दुपारी, आणि आलं तरी पाहुण्यासारखं उभ्या उभ्या येऊन जायचं. नळ खोकला की ताई मशीन सोडून जिन्यात जायच्या आणि वर तोंड करून हाळी द्यायच्या, ‘पाणी आलं’. समोरच्या इमारतीतसुद्धा बादल्या सरकायच्या. ज्या आवाजापायी जन्मभर बोलणी खाल्ली, त्याच आवाजावर गल्ली उठायला लागली. पोरं भोंगाताई म्हणायला लागली, मग मोठेही. ताई वरवर रागवायच्या, पण हे नाव त्यांना मनापासून आवडलं होतं.

पुढे घरोघरी फोन आले तेव्हा गल्लीने ग्रुप काढला. त्याचं नावच ‘पाणी आलं’. पहिल्या आठवड्यात लोकांनी त्यात फुलांची चित्रं आणि सुप्रभात टाकून असा धुमाकूळ घातला की पाण्याचा निरोप त्याखाली गाडला गेला आणि तिसरा मजला कोरडा राहिला. तेव्हापासून ताईंनी ग्रुपला कुलूप घातलं. त्यात फक्त त्या बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि बोलणारच, लिहिणार नाही, कारण गल्लीतल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नव्हतं.

त्यांच्यात ताईंच्या थोरल्या जाऊबाईही होत्या. थोरले दीर गेल्यापासून त्या चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांना पूर्वी फिट यायच्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मोठ्या डॉक्टरकडे धाडलं, त्याच्याच दुकानातली गोळी सुरू झाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं फिट आली नव्हती. सकाळी एक, संध्याकाळी एक, न चुकता. जाऊबाईंचं जगणं त्या दोन गोळ्यांवर उभं होतं, आणि हे घरात सगळ्यांना इतकं सवयीचं झालं होतं की त्याची आठवण कुणी ठेवत नव्हतं.

ताईंचा निरोप ठरलेला असायचा. गल्लीचा व्हॉल्व्ह सोडणारा माणूस त्यांना फोन करून आज पाणी किती वेळ आहे ते सांगायचा. मग ताई फोन तोंडाशी धरायच्या. ‘पाणी आलं, पाणी आलं. आज अर्धा तास.’ शेवट ऐकल्याशिवाय कुणाला कळायचं नाही की नुसतं पिण्याचं भरून घ्यायचं की कपडेही भिजवायचे. म्हणून अख्खी गल्ली निरोप शेवटपर्यंत ऐकायची. आणि ऐकल्यावर कुणी शंका काढत बसायचं नाही, कारण शंका काढेपर्यंत पाणी जायचं. ताईंचा आवाज आला की उठायचं, अशी गल्लीला सवय लागली होती. या सवयीत वाईट काहीच नव्हतं. वाईट एवढंच की ती सवय बाहेरच्या माणसांच्या लक्षात आली.

त्या वर्षी निवडणूक आली ती कुणाला दिसलीच नाही. ताईंचा नवरा छापखान्यात कामाला होता. मागच्या निवडणुकीत त्याच्या नखांतली शाई महिनाभर निघाली नव्हती. या वेळी पोस्टरचं मशीन फडकं टाकून झाकलेलं. ‘उमेदवार उभे आहेत ना नक्की, का बसल्या बसल्या निवडून येणार?’ असं तो जेवताना म्हणायचा. उमेदवार उभे होते, पण फोनमध्ये. पूर्वी निदान दारात यायचे, म्हाताऱ्यांना तब्येत विचारायचे, पोरांच्या गालाला हात लावायचे. खोटं बोलायचे ते तोंडावर बोलायचे, आणि त्यांच्या चपला लोकांना दिसायच्या. आता साहेब, म्हणजे आधीपासून निवडून येत असलेले, पांढऱ्या कपड्यांत फोनवर हसायचे. त्यांच्याविरुद्ध उभा होता कोपऱ्यावरचा औषधवाला. पाइप बदला म्हणून अर्ज करून करून कंटाळला आणि रागाने स्वतःच उभा राहिला. माणूस तिरसट, पण सरळ. त्याचा प्रचार म्हणजे फुटक्या पाइपापुढे उभं राहून स्वतःच काढलेले व्हिडिओ. फोन इतका खाली धरायचा की हनुवटी आणि नाकपुड्याच दिसायच्या. लोक हसायचे, पण बघायचे.

एक दिवस एक मॅडम पॅन्ट घेऊन ताईंकडे आल्या. टापटीप कपडे, डोळ्यांवर चष्मा, हातात दोन फोन. लांबीचं माप देऊन झालं तरी स्टुलावरून उठेनात.

‘तुम्हीच ना त्या, पाणी आलं म्हणणाऱ्या?’

‘का, ओरडते म्हणून तक्रार आलीय का कुणाची?’ ताईंनी विचारलं.

‘तक्रार कसली. ताई, आमच्याकडे एवढी माणसं बसतात, एवढे व्हिडिओ बनवतो, लोक अर्धवट बघून सोडून देतात. तुमचं मात्र शेवटपर्यंत ऐकतात. तुमच्या आवाजावर विश्वास आहे लोकांचा.’

असं आजवर ताईंना कुणी म्हटलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं. मॅडम साहेबांच्या प्रचारात होत्या, हे त्यांनी लपवलं नाही. साहेबांचं काम लोकांपर्यंत पोचवायचं, बस. निवडून आले की पहिलं काम या गल्लीच्या पाइपाचं, असं मॅडमनी सांगितलं. आणि ताईंना दुसरं हवं तरी काय होतं? चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. जाऊबाई या वयात तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या नळावरून बादली उचलून वर न्यायच्या. ते बघून ताईंना रोज वाईट वाटायचं.

मॅडमनी त्यांना आपलं ऑफिसही दाखवलं. पूर्वी तिथे शिकवणीचे वर्ग चालायचे. फळा तसाच होता आणि बाकांवर ट्रे मांडलेले, प्रत्येक ट्रेमध्ये फोन, प्रत्येक ट्रेवर एकेका वस्तीची चिठ्ठी. म्हाताऱ्यांसाठी आवाज, तरुणांसाठी विनोद, आयांसाठी शाळेच्या फीचा विषय. ताई हिंडून बघत होत्या. एका ट्रेमधले साहेब म्हणत होते, रस्त्यावरचा बाजार हलू देणार नाही. शेजारच्या ट्रेमधले साहेब म्हणत होते, बाजार हटवून रस्ता मोकळा करणार.

‘यातलं खरं कुठलं?’ ताईंनी विचारलं.

‘ज्याला जे हवं ते त्याच्यापर्यंत जायला पाहिजे ना, ताई,’ मॅडम हसून म्हणाल्या, आणि चहा मागवला. ताईंनी चहा घेतला. तिथेच उठून यायला हवं होतं असं आपण आता म्हणू शकतो. पण त्या खोलीत पहिल्यांदाच त्यांना कुणी मोठ्याने बोला असं सांगत होतं.

ठरलं ते असं. वेगळा निरोप द्यायचा नाही, वेगळा दिला तर लोक ऐकणार नाहीत. ‘पाणी आलं’ आणि ‘आज अर्धा तास’ यांच्या मधल्या जागेत मॅडमनी पाठवलेलं वाक्य बोलायचं. सुरुवातीला अगदी साधी वाक्यं असायची. अमुक ठिकाणी डोळ्यांची फुकट तपासणी. साहेबांनी नव्या पाइपाचं काम मंजूर करून घेतलं. लोक पाण्याच्या वेळेची वाट बघत ते ऐकून घ्यायचे. नवऱ्याने एकदा विचारलं, ‘तू पाण्याची आहेस की पार्टीची?’ ताई म्हणाल्या, ‘पाइप झाला की बोला.’ त्याने विषय सोडला. त्याचं तसं कमीच बोलणं होतं, घरातला सगळा आवाज ताईंच्या वाट्याला आला होता.

मग एका दुपारी मॅडमचं ते वाक्य आलं. कोपऱ्यावरच्या दुकानात मुदत संपलेल्या गोळ्या नव्या पाकिटात भरून विकतात, घरात असतील तर घेऊ नका. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि मॅडमना फोन लावला.

‘हे खरं आहे का?’

‘तपास सुरू आहे म्हणे. आपण फक्त लोकांना सावध करायचं. तुमच्याच माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, ताई.’

त्या आणखी काही विचारणार तेवढ्यात मोरीतला नळ खोकला. व्हॉल्व्हवाल्याचा फोन आला, आज वीसच मिनिटं. आता थांबायला वेळ कुठे? एवढी वर्षं अंगात मुरलेली सवय, आधी निरोप, मग बाकीचं. ताईंनी फोन तोंडाशी धरला. ‘पाणी आलं, पाणी आलं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गोळ्या मुदत संपलेल्या आहेत, घरात असतील तर घेऊ नका. आज वीस मिनिटं.’ एका दमात, रोजच्याच सुरात. फोन ठेवला आणि बादली नळाखाली सरकवली. चौथ्या मजल्यावरच्या दोन गोळ्या त्या वेळी त्यांच्या मनातही आल्या नाहीत.

दोनचार दिवसांनी नवरा छापखान्यातून आला, हात धुतले आणि म्हणाला, ‘तुझा आवाज आज प्रेसमध्ये आला होता.’

‘म्हणजे?’

‘कुठल्या तरी लांबच्या वस्तीतला माणूस. त्याच्या फोनवर. पाणीबिणी नव्हतं त्यात, पुढचंमागचं कापलेलं. नुसत्या गोळ्या.’ मग तो म्हणाला, ‘तो म्हणत होता, कुणी साधी बाई आहे, ती कशाला खोटं बोलेल.’

ताईंना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. उद्या मॅडमना विचारते, असं त्यांनी ठरवलं. पण उद्या कपड्यांचं काम होतं, परवा मॅडम फोन उचलेनात. अशी टाळाटाळ आपण सगळेच करतो, आणि बहुतेक वेळा तिची किंमत मोजावी लागत नाही. ताईंना मोजावी लागली.

पाणी आलेलं होतं. ताई मशीनवर होत्या. वर कुठेतरी धाडकन आवाज झाला आणि मग एक बादली जिन्यावरून आपटत, घरंगळत थेट त्यांच्या दारापर्यंत आली. निळी, कडेला तडा गेलेली. ती कुणाची हे ताईंनी बघितल्याबरोबर ओळखलं. त्या धावत वर गेल्या. जाऊबाई तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पडल्या होत्या, अंग ताठ, डोळे फिरलेले, तोंडाला फेस, आणि वरच्या पायरीवरून पाणी त्यांच्या केसांत उतरत होतं. नळ कुणीतरी बंद केला. ताईंच्या तोंडून त्या दिवशी आवाजच फुटला नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण शेजाऱ्यांना बोलवायला हातांनी दारं बडवत सुटली.

जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं, आणि पुन्हा पहिल्यासारखं चालता येईल का ते डॉक्टरांना सांगता येईना. एवढी वर्षं फिट नव्हती, मग आताच का, गोळी बंद केली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं. ताई ठामपणे म्हणाल्या, ‘छे, त्या कधी चुकवत नाहीत.’

कॉटवरून जाऊबाई हळूच म्हणाल्या, ‘अगं, टाकून दिल्या ना मी. दुसऱ्या दुकानातून कुणाकडून तरी आणवून घेणार होते. तुला तरी किती कामं सांगायची.’

‘टाकून दिल्या? कशाला?’

‘तूच सांगितलंस ना, घेऊ नका म्हणून.’

त्यात दोष देणं नव्हतं. वीस मिनिटं म्हटलं की वीस मिनिटं, तसंच हे. ताई खोलीबाहेर गेल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

तिथून त्या थेट औषधवाल्याकडे गेल्या. दुकानात चिटपाखरू नव्हतं. तो काउंटर पुसत होता, आणि तो आधीच पुसलेला होता. ताई म्हणाल्या, ‘माझं चुकलं.’

त्याने फडकं बाजूला ठेवलं. ‘माझ्याच दुकानात ऐकलं मी. एक बाई औषध परत करायला आली होती, तिने लावून दाखवलं. लोक मला शिव्या देतात, त्याचं काही नाही, मी पण देतो. शिवी देणारा रागात आहे हे ऐकणाऱ्याला कळतं तरी. तुम्ही कसं सांगितलंत? पाणी आल्यासारखं.’

ताईंनी जिन्यात काय झालं ते सांगितलं. जाऊबाईंच्या गोळ्यांचं कळल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. ‘ती गोळी अशी एकदम बंद करायची नसते हो,’ तो म्हणाला. ‘मला विचारायचं तरी.’ आणि मग स्वतःच म्हणाला, ‘मला कशाला विचारतील म्हणा.’ त्याने ताईंना माफ वगैरे काही केलं नाही. गोळ्यांची पट्टी काढून दिली आणि पुन्हा फडकं उचललं.

मॅडम ऑफिसात सापडल्या. ताई म्हणाल्या, ‘ते मागे घ्या. सगळीकडून काढा.’

‘ताई, ते आता आमच्या हातात राहिलेलं नाही. ते पुढे गेलं. लोक आपणहून पाठवतायत.’

‘तपासाचं काय झालं?’

‘तसं ऐकलं होतं आम्ही.’ मॅडमना वाईट वाटलेलं दिसत होतं, हेही खरं. त्यांनी विचारलं, ‘जाऊबाईंना काही मदत हवी का? साहेबांना सांगते. भेटायला येतील, एक छोटा व्हिडिओ करू.’ ताई वळल्या आणि बाहेर पडल्या. फळ्यावर खडूने वस्त्यांची नावं लिहिली होती, त्यांतल्या एका नावापुढे ‘पाणी आलं’ असं लिहून बरोबरची खूण केलेली त्यांनी जाता जाता पाहिली.

संध्याकाळी त्यांनी पाणी नसताना पहिल्यांदा ग्रुपवर निरोप दिला. ‘गोळ्यांचं मी सांगितलं ते मी पाहिलेलं नव्हतं. मला बोलायला दिलं होतं, मी बोलले. औषधं बंद करू नका. चूक माझी.’ बोलताना आवाज कापत होता. झालं उलटंच. बऱ्याच जणांनी तो ऐकलाच नाही, कारण पाण्याची वेळ त्यात नव्हती. ज्यांनी ऐकला त्यांच्यातली एक शेजारीण दारात येऊन कुजबुजली, ‘औषधवाल्याने धमकी दिली का हो तुम्हाला? आवाजावरूनच कळत होतं.’ खोटं बोलताना त्यांचा आवाज स्थिर होता आणि खरं बोलताना कापला, त्याला ताई काय करणार?

साहेब निवडून आले. औषधवाला पडला, सपशेल पडला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दुकान उघडून बसला. पाइप तोच राहिला. मॅडमची पॅन्ट लांबी कमी करून खुंटीवर तशीच लटकत होती, ती न्यायला कुणी आलं नाही.

जाऊबाईंना घरी आणलं, तळमजल्यावर ताईंच्याच खोलीत, मशीनपलीकडे कॉट टाकून. पहिल्या सकाळी ताईंनी पाण्याचा पेला आणि गोळी त्यांच्या हातात दिली. जाऊबाईंनी गोळी तळहातावर उलटीपालटी करून बघितली.

‘घेऊ ना ही?’

‘घ्या, वहिनी.’

जाऊबाईंनी पेला खाली ठेवला. त्यांना संकोच वाटत होता, लहान जावेला असं विचारायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. ‘तू पाहिलीस?’

ताईंनी पट्टी घेतली आणि खिडकीशी उजेडात नेली. मुदतीचा महिना आणि वर्ष बोट ठेवून वाचून दाखवलं, हळू आवाजात. मग जाऊबाईंनी गोळी घेतली. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही. पट्टी तीच, तारीख तीच, पण त्या रोज विचारायच्या आणि ताई रोज उजेडात जाऊन वाचायच्या. कधी रडू यायचं, तेव्हा वाचून झाल्यावरही तोंड खिडकीकडेच करून उभ्या राहायच्या.

त्यानंतर एका दुपारी नळ खोकला. व्हॉल्व्हवाल्याचा फोन येऊन गेला. ताईंनी ग्रुप उघडला, फोन तोंडाशी नेला, बटण दाबलं, आणि त्यांना बोलता येईना. कॉटवरून जाऊबाई बघत होत्या.

‘आलं का गं?’ त्यांनी विचारलं. आणि मग आता सवयीनेच, ‘पाहिलंस?’

ताई उठल्या. मोरीत गेल्या, नळ पूर्ण सोडला आणि फोन धारेजवळ धरला. बादलीच्या तळावर पाणी पडत होतं, आधी खणखण, मग भरत जाईल तसं जड. त्यांनी तेवढंच पाठवलं. स्वतः एक शब्द बोलल्या नाहीत.

नेहमीसारख्या बादल्या लगेच सरकल्या नाहीत. मग वरच्या कुठल्यातरी मजल्यावर एक नळ थोडासा सुटला, कुणीतरी खात्री करून बघत असल्यासारखा, आणि मग तो पूर्ण सुटला. त्यानंतर दुसरा. जाऊबाईंच्या उशाशी ठेवलेल्या फोनवर तो निरोप वाजला. त्यांनी फोन कानाशी नेला, डोळे मिटून पाण्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, ‘हं. आलंय.’